घरबसल्या पीएच.डी. विकणाऱ्यांना गिऱ्हाईक आपणच पुरवता

प्रति,
मा. कुलगुरू, मा. प्र-कुलगुरू आणि चारही विद्याशाखांचे मा. अधिष्ठाता,
महाराष्ट्रातील सर्व सार्वजनिक विद्यापीठे

विषय : नोकरी करणाऱ्यांसाठी अर्धवेळ पीएच.डी.चा मार्ग मोकळा करण्याबाबत

महोदय, महोदया,

मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयाची ग्रंथपाल. प्रवेशाची गर्दी ओसरली की दरवर्षी माझ्या काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, घरबसल्या पीएच.डी. कुठून करता येईल? स्वस्तात पाहिजे. आणि मान्यताप्राप्त पाहिजे हं, उगाच कागद नको." विचारणारे कधी तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक असतात, कधी कनिष्ठ महाविद्यालयातल्या बाई, कधी सहकारी बँकेतले शाखाधिकारी, तर कधी पुण्यात आयटीत लागलेला आणि गणपतीला गावी आलेला आमचाच माजी विद्यार्थी. त्यांच्या बोलण्यातलं शेवटचं वाक्य आपण लक्षात घ्यावं. या लोकांना पदवी विकत घ्यायची नसते. नोकरी सांभाळून, घर चालवून, झेपेल एवढ्या पैशांत संशोधन करायचं असतं. यात गैर काय आहे?

माझं उत्तर ऐकून मात्र त्यांचा चेहरा पडतो. भारतात दूरस्थ पीएच.डी. नाही आणि ऑनलाइन पीएच.डी.ही नाही. ही बंदी नवीन नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २००९ च्या विनियमांनी दूरस्थ पद्धतीला दार लावलं. ७ नोव्हेंबर २०२२ ला आलेल्या विनियमांनी त्यात ऑनलाइनचीही भर घातली. इग्नू या राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची पीएच.डी. आहे, पण तीसुद्धा नियमित पद्धतीची. तेव्हा 'डिस्टन्स पीएच.डी., यूजीसी मान्यताप्राप्त' असं कोणी छापलं असेल, तर छापणाऱ्याला एक तर नियम ठाऊक नाही किंवा आपल्याला तो ठाऊक नाही हे त्यानं ओळखलं आहे.

त्यानंतर मी त्यांना दुसरी गोष्ट सांगते, आणि हे पत्र तिच्यासाठीच आहे. त्याच २०२२ च्या विनियमांत अर्धवेळ पीएच.डी.ला सरळ परवानगी आहे. नोकरी करणाऱ्यानं आपल्या आस्थापनेचं ना हरकत प्रमाणपत्र आणायचं. अर्धवेळ अभ्यासाला आमची हरकत नाही, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी, म्हणजे संशोधनाआधीच्या वर्गातल्या अभ्यासक्रमासाठी, मोकळं करू, एवढंच त्यात लिहून हवं असतं. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. पुढे दर सत्रात एकदा संशोधन सल्लागार समितीसमोर जाऊन काम दाखवायचं. कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षं, कमाल सहा, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना त्याही पुढे दोन, म्हणजे दहापर्यंत मुभा. शिवाय स्त्रियांना प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. शेवटची मौखिक परीक्षा ऑनलाइन घ्यायलाही हरकत नाही.

आता माझ्या काउंटरवरची मागणी या नियमांशेजारी ठेवून पाहा. नोकरी सोडावी लागत नाही. रोज विभागात जाऊन बसावं लागत नाही. मुलं लहान असली तर मुदत वाढते. आणि सार्वजनिक विद्यापीठाचं शुल्क खासगीच्या मानानं आजही सामान्य पगारदाराला परवडण्यासारखं आहे. लोक 'डिस्टन्स' म्हणून जे मागतात, त्यातलं जवळजवळ सगळं अर्धवेळमध्ये कायदेशीर मिळतं. पदवी पुन्हा आपल्या विद्यापीठाची, म्हणजे मान्यतेचा प्रश्नच उरत नाही.

मग हा रस्ता त्यांना एजंटाच्या आधी आपण का सांगत नाही?

आमच्या ग्रंथालयात कोणीतरी एक पत्रक ठेवून गेलं होतं. ते मी जपून ठेवलं आहे आणि विचारायला येणाऱ्यांना त्यावरच शिकवते. गुळगुळीत जाड कागद, वर पदवीदानाची काळी टोपी. '१८ महिन्यांत पीएच.डी.! नोकरी सोडण्याची गरज नाही! गाईडची चिंता नको! सिनॉप्सिस ते व्हायवा संपूर्ण सहकार्य! तीन सुलभ हप्ते!' खाली ओळीनं पाच बोधचिन्हं : यूजीसी, नॅक, एआययू, आयएसओ आणि लंडनचा पत्ता असलेली कुठलीशी 'अ‍ॅक्रेडिटेशन कौन्सिल'. विद्यापीठाचं नाव कुठेच नाही. ते फोनवर सांगतात.

त्यातला पहिला शब्दच पुरेसा आहे. किमान मुदत तीन वर्षांची असताना १८ महिने कुठून आले? पण समोरच्याचा डोळा त्या पाच चिन्हांवर खिळलेला असतो, म्हणून मी एकेक उलगडून सांगते. यूजीसीचं चिन्ह म्हणजे फार तर ते विद्यापीठ आयोगाच्या यादीत आहे. त्यानं चालवलेली प्रत्येक गोष्ट नियमात बसते असा त्याचा अर्थ होत नाही. विद्यापीठ खरं आणि पदवी बेकायदा, असं होऊ शकतं आणि झालेलं आहे. नॅक ही १९९४ पासून बेंगळुरूत असलेली मूल्यांकन करणारी संस्था. तिची श्रेणी संस्थेला असते, अभ्यासक्रमाला परवानगी देणं हे तिचं कामच नव्हे. (आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅकच्याच पाहणी समितीतल्या मंडळींना सीबीआयनं लाचेच्या प्रकरणात अटक केल्यापासून निव्वळ 'ए प्लस प्लस' बघून हुरळून जायचे दिवस तसेही गेले.) एआययू म्हणजे भारतीय विद्यापीठांचा संघ. त्याचं सदस्य असणं वेगळं, पदवी देण्याचा अधिकार असणं वेगळं. आयएसओ तर कारभाराच्या पद्धतीचं प्रमाणपत्र, ते सिमेंटच्या कारखान्यालाही मिळतं. राहिली ती लंडनवाली कौन्सिल. पदव्या विकणारे आधी आपल्यालाच मान्यता देणारी एक संस्था काढतात, ही जुनी चाल आहे. म्हणून मान्यता देणाऱ्याला कोणी मान्यता दिली आहे, हे विचारावं. अमेरिकेत याचं उत्तर तिथल्या शिक्षण खात्याच्या आणि चेआ या परिषदेच्या याद्यांत मिळतं. तिथे नाव नसेल तर ते चिन्ह शोभेचं समजावं.

मुळात पदवी देण्याचा अधिकार कुठून येतो, हे कुठल्याही पत्रकावर नसतं. ते १९५६ च्या यूजीसी कायद्याच्या कलम २२ मध्ये आहे. संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या कायद्यानं स्थापन झालेली विद्यापीठं, अभिमत विद्यापीठं आणि संसदेनं खास अधिकार दिलेल्या संस्था, एवढ्यांनाच पदवी देता येते. कोणी हे मोडलं तर कलम २४ नुसार दंड किती? एक हजार रुपयांपर्यंत. कायदा झाला तेव्हा ती रक्कम मोठी होती. आज पत्रक छापायला त्याहून जास्त खर्च येतो.

खऱ्या विद्यापीठांनी चालवलेला बाजार यापेक्षा घातक, कारण यादीत नाव असतं आणि माणूस निर्धास्त होतो. मेघालयातल्या सीएमजे विद्यापीठाचं उदाहरण आपल्याला माहीत असेल. २०१२-१३ या एका वर्षात तिथून ४३४ जणांना पीएच.डी. दिल्या गेल्याचं उघड झालं आणि राज्यपालांनी, जे त्या विद्यापीठाचे कुलाध्यक्ष होते, हस्तक्षेप केला. २०१४ मध्ये सरकारनं विद्यापीठच विसर्जित केलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीनं राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना, चुरूचं ओपीजेएस, अलवरचं सनराइज आणि झुनझुनूचं सिंघानिया, २०२५-२६ पासून पाच वर्षं पीएच.डी.चे प्रवेश देऊ नयेत असा आदेश दिला. कारण हेच की पदवीसाठीचे नियम आणि प्रक्रिया पाळल्या नव्हत्या. ही तिन्ही विद्यापीठं विधिमंडळाच्या कायद्यानं स्थापन झालेली, म्हणजे कलम २२ च्या परीक्षेत पास.

म्हणून मी विचारणाऱ्याला संगणकापाशी बसवते आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेचं 'शोधगंगा' हे पीएच.डी. प्रबंधांचं ऑनलाइन भांडार उघडून देते. ज्या विद्यापीठाचं नाव फोनवर सांगितलं गेलं, त्याचे आपल्या विषयातले तीन प्रबंध उघडा म्हणते. प्रबंध वाचायचेही नाहीत, पहिली पानं बघायची. मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र कोणाचं आहे? तो त्या विद्यापीठात खरोखर नोकरीला आहे का? नोंदणी कधी, पदवी कधी? एकच मार्गदर्शक इतिहास, वाणिज्य आणि शारीरिक शिक्षण अशा तिन्ही विषयांत लोकांना पार करतो आहे का? दहा मिनिटांत माणूस स्वतःच गप्प होतो. प्रबंध तिथे नसलेच, तर त्याहून आधी गप्प होतो.

परदेशी दूरस्थ डॉक्टरेटबद्दलही विचारतात, आणि तिथे मी सरसकट 'फसवणूक' म्हणत नाही. प्रिटोरियाचं युनिसा, म्हणजे दक्षिण आफ्रिकेचं सरकारी विद्यापीठ, १९४६ पासून दूरशिक्षण देतं आहे. नेल्सन मंडेला यांनी कैदेत असताना तिथूनच कायद्याचा अभ्यास केला आणि १९८९ मध्ये एलएल.बी. मिळवली. तिथे संशोधनाची डॉक्टरेटही दुरून करता येते. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीला १९६९ मध्ये राजसनद मिळाली. जोहान्सबर्गमध्ये किंवा लंडनमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी माणसानं असा मार्ग निवडला तर तो पूर्ण प्रतिष्ठेचा आहे. दुरून केल्यानं संशोधन बोगस होत नाही. पण पदवी जिथे वापरायची, तिथला नियम चालतो. यूजीसी आणि एआयसीटीई (तंत्रशिक्षण परिषद) यांनी २८ ऑक्टोबर २०२२ ला संयुक्त सूचना काढून सांगितलं की एडटेक (ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या) कंपन्या परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून देत असलेल्या ऑनलाइन पीएच.डी. इथे मान्य नाहीत. आमच्या आयटीवाल्या माजी विद्यार्थ्यांना 'एक्झिक्युटिव्ह डीबीए' (व्यवसाय प्रशासनातली डॉक्टरेट) म्हणून लाखोंनी जे विकलं जातं, ते व्हिजिटिंग कार्डावर छापायचं असेल तर त्यांनी खुशाल घ्यावं. पुढेमागे एखाद्या कॉलेजात शिकवायचं मनात असेल, तर पैसे भरण्याआधी समकक्षतेचं, म्हणजे ती पदवी इथल्या पदवीच्या बरोबरीची धरली जाईल का याचं, काय ते लेखी विचारावं. हे काम पूर्वी एआययू करत असे, आता २०२५ च्या विनियमांनी यूजीसीनं स्वतःकडे घेतलं आहे.

इथपर्यंतचं मी काउंटरवर सांगते. यापुढचं आपल्याला सांगायचं आहे.

'मग मॅडम, आपल्याच विद्यापीठात अर्धवेळ करतो,' असं म्हणून माणूस उठतो आणि काही दिवसांनी तोंड पाडून परत येतो. त्याला काय दिसलं असतं ते सांगते, कारण आपल्यापैकी कितीजणांनी आपल्याच संकेतस्थळावर उमेदवार म्हणून फिरून पाहिलं असेल याची मला शंका आहे.

२०२२ चे विनियम सांगतात की प्रत्येक संस्थेनं मार्गदर्शकांची यादी, नाव, पद आणि विभागासह, त्यांच्याकडे नोंदवलेल्या विद्यार्थ्यांच्या तपशिलासकट संकेतस्थळावर ठेवावी आणि दरवर्षी अद्ययावत करावी. एका विद्यापीठाची यादी आमच्याकडच्या भूगोलाच्या बाईंनी माझ्यासमोर उघडली. वाकडी स्कॅन केलेली पीडीएफ, शोध घेता येत नाही, जागा किती भरल्या याचा रकाना नाही. नावं आणि फोन नंबर होते, म्हणून त्यांनी एकेक लावायला घेतले. एक सर निवृत्त झालेले. दुसऱ्यांनी 'फुल आहे, पुढच्या वर्षी बघू' म्हटलं. तिसरा फोन मुलानं उचलला आणि बाबा वारले म्हणून सांगितलं. बाईंनी फोन खाली ठेवला आणि त्या दिवशी पुढचा नंबर लावला नाही. त्याच संध्याकाळी त्यांना पत्रकवाल्याचा व्हॉट्सअ‍ॅप आला, 'गाईड उपलब्ध'. जिथे विद्यापीठाकडे उत्तर नव्हतं, तिथे एजंटाकडे होतं. बाई शहाण्या, त्यांनी तो नंबर ब्लॉक केला. सगळेच करत नाहीत.

मार्गदर्शक का मिळत नाहीत, याचं गणित आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं येतं, तरी मांडते. प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. मार्गदर्शक कायमस्वरूपी असावा लागतो. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली की नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे प्राध्यापकाचं एक पद रिकामं राहिलं की संशोधनाच्या आठ जागा बंद. तिथे तासिका तत्त्वावर माणूस नेमून वर्ग चालतो, पण तो माणूस कितीही विद्वान असला तरी मार्गदर्शक होऊ शकत नाही. उलट तोच मार्गदर्शक शोधत माझ्या काउंटरवर येतो. पदभरती आपल्या एकट्यांच्या हातात नाही, शासनाच्या मान्यतेशिवाय ती होत नाही, हे मान्य. पण या आठ-सहा-चारचा हिशेब शासनापुढे कधी मांडला गेला आहे का? 'इतकी पदं रिक्त' असं निवेदन दरवर्षी जातं. 'म्हणून इतक्या जणांचं संशोधन अडलं' असं कधी जात नाही.

प्रवेश परीक्षेचंही तसंच. मार्च २०२४ मध्ये यूजीसीनं नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण पीएच.डी. प्रवेशाला धरायचं ठरवलं आणि फक्त पीएच.डी.साठी पात्र ठरणाऱ्यांचे गुण एकच वर्ष ग्राह्य धरले. म्हणजे नेट निघाली आणि त्या वर्षी विद्यापीठाची प्रवेशाची जाहिरातच आली नाही, तर ते गुण वाया. आपल्याकडची पेट, म्हणजे विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेश परीक्षा, कुठे वर्षाआड होते, कुठे निकालानंतर मुलाखती कित्येक महिने रखडतात. ज्यांना पूर्णवेळ करायचं आहे ती तरुण मुलं थांबतात. बेचाळिसाव्या वर्षी मुलाची दहावी आणि सासऱ्यांचं डायलिसिस सांभाळून संशोधनाला निघालेली बाई थांबत नाही. ती नाद सोडते, नाहीतर हप्ते भरते.

मग कोर्सवर्क. गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीत आहे आणि त्याच जिल्ह्यातलं सिरोंचा तिथून दोनशे किलोमीटरच्या पुढे, रस्त्याची अवस्था आपण जाणता. सिरोंच्याच्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या शिक्षकानं मंगळवार-गुरुवारच्या तासांना यायचं कसं? हीच गोष्ट नंदुरबारहून जळगावला येणाऱ्याची. कोर्सवर्क प्रत्यक्ष हजर राहूनच व्हावं, माझा त्याला विरोध नाही. संशोधनपद्धती आणि प्रकाशनाची नीतिमत्ता समोरासमोरच शिकवावी, चहाच्या टपरीवरही जे शिकायला मिळतं ते स्क्रीनवर मिळत नाही. पण ते दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सलग का घेता येऊ नये? १२ क्रेडिट म्हणजे काही डोंगर नव्हे. नियमात क्रेडिट सांगितले आहेत, मंगळवार-गुरुवार सांगितलेले नाहीत.

खर्चाबद्दल बोलायला सगळे कचरतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. विद्यापीठाचं शुल्क कमी आहे हे मी वर म्हटलं आणि ते खरं आहे. पण अर्धवेळ विद्यार्थ्याला बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची अधिछात्रवृत्ती नसते, त्या पूर्णवेळवाल्यांसाठी असतात, आणि ते योग्यही आहे. त्यामुळे प्रत्येक रुपया त्याच्या पगारातून जातो. शुल्काच्या पावत्यांची बेरीज एक आणि प्रत्यक्षातली दुसरी. मौखिक परीक्षेचा दिवस घ्या. बाहेरगावच्या परीक्षकांना प्रवासखर्च आणि मानधन विद्यापीठ देतं. तरीही स्टेशनवरून आणायला एसी गाडी विद्यार्थ्याची, हॉटेलची खोली विद्यार्थ्याची, शाल-श्रीफळ-पुष्पगुच्छ विद्यार्थ्याचे, आणि व्हायवा संपायच्या आधीच मागच्या दारानं आलेले केटररचे डबे विद्यार्थ्याचे. त्यात दोन भाज्या, मसालेभात, गुलाबजाम, आणि विभागातल्याच नव्हे तर शेजारच्या विभागातल्या मंडळींचीही ताटं. मी अशा एका जेवणाला होते. उमेदवार प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणावरच्या प्रश्नाचं उत्तर देत होता आणि त्याची बायको दारातून खुणेनं विचारत होती, पोळ्या गरम करायला सांगू का. कोणी मागितलं नव्हतं, हे मला माहीत आहे. कोणी नको म्हटलं नव्हतं, हेही मला माहीत आहे. पत्रकवाला 'व्हायवाचा खर्च पॅकेजमध्ये' असं छापतो, तेव्हा तो आपल्याकडूनच शिकलेला असतो.

प्रबंध दिल्यावरचं थांबणं तर वेगळंच. सादर झाल्यापासून सहा महिन्यांत मूल्यमापन पूर्ण होईल अशी व्यवस्था संस्थेनं करावी, असं विनियम म्हणतात. माझ्या ओळखीतल्यांना विचारून बघितलं तर कोणाचं वर्ष गेलं, कोणाचं दीड. एका परीक्षकाचा अहवाल येत नाही, दुसऱ्याला पाठवलेली प्रत पोचलेलीच नसते, आणि पीएच.डी. विभागातले साहेब 'फॉलोअप घ्या' सांगतात. फॉलोअप विद्यार्थ्यानं घ्यायचा, परीक्षक कोण ते त्याला माहीत नसायला हवं, आणि तरी फॉलोअप त्यानंच घ्यायचा. हे कोडं आजवर मला सुटलेलं नाही.

बाबासाहेबांचं नाव प्रत्येक पदवीदान समारंभात घेतलं जातं, म्हणून त्यांच्या शिक्षणातला एक तपशील इथे आठवते. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. लंडन विद्यापीठानं नाव कापलं नाही, चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली. ते मुंबईला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगारातून पैसे साठवले, थोडी मदत शाहू महाराजांची झाली, थोडं उसनं मित्राकडून घेतलं, आणि १९२० मध्ये परत गेले. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डी.एस्सी. मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. हातात पडायला तर १९२७ उजाडलं, तोवर ते मुंबईत वकिली करत होते. नोकरी, उसनवारी, मध्ये तुटलेला अभ्यास, आणि तो तुटू नये म्हणून विद्यापीठानं दाखवलेली सवड. माझ्या काउंटरवरचा प्रत्येक माणूस तेवढी सवड मागतो. तिच्यात गुणवत्तेची सूट कुठेही नाही. लंडननंही दिली नव्हती, त्यांचा प्रबंध परीक्षकांच्या आक्षेपानंतर पुन्हा दुरुस्त करायला लावला होता.

गुणवत्तेचा मुद्दा काढला म्हणून सांगते. अर्धवेळ विद्यार्थी म्हणजे कच्चा माल, असं विभागांतून दबक्या आवाजात बोललं जातं. उचलेगिरी अर्धवेळवाले जास्त करतात का? ते शोधायची साधनं आपल्याकडे आहेत. 'शोधशुद्धी' या इन्फ्लिबनेटच्या योजनेखाली तपासणीचं सॉफ्टवेअर आहे, २०१८ च्या विनियमांत १० टक्क्यांच्या वर साम्य गेलं तर काय करायचं हे टप्प्याटप्प्यानं लिहिलेलं आहे. ते सर्वांना सारखं लावा. आणि संशोधनाचा कच्चा मालच म्हणाल, तर पंधरा वर्षं पीककर्जाच्या फायली हाताळलेला बँक अधिकारी किंवा आदिवासी पाड्यावर वीस वर्षं शिकवलेल्या बाई जे घेऊन येतात, ते पूर्णवेळ विद्यार्थ्याला ग्रंथालयात सापडायचं नाही. मी ग्रंथपाल असून हे म्हणते.

माझ्या मागण्या छोट्या आहेत आणि त्यांपैकी एकीलाही नवा कायदा लागत नाही. प्रत्येक विषयाची मार्गदर्शक यादी, एकूण जागा, भरलेल्या, रिकाम्या आणि निवृत्तीचं वर्ष अशा रकान्यांसह, शोधता येईल अशा स्वरूपात मराठीत टाका आणि दर सत्राला ताजी करा. पेटची तारीख वर्षभर आधी जाहीर करा, नेटच्या निकालाशी जुळवा. कोर्सवर्कची सुट्टीतली एक तुकडी तरी सुरू करा. सल्लागार समितीसमोरचं सहामाही सादरीकरण लांबच्या विद्यार्थ्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी, उपकेंद्रात किंवा मान्यताप्राप्त संशोधन केंद्रात करू द्या. ना हरकत प्रमाणपत्राचा एकच नमुना सगळ्यांना लागू करा, म्हणजे संस्थाचालक 'असं पत्र आम्ही देत नाही' म्हणून हात झटकणार नाहीत. व्हायवाच्या पत्रात एक ओळ ठळक छापा : उमेदवारानं परीक्षकांच्या प्रवासाची, निवासाची वा भोजनाची कोणतीही व्यवस्था करू नये. सादर केलेला प्रबंध कुठल्या टप्प्यावर आहे ते, परीक्षकाचं नाव न दाखवता, विद्यार्थ्याला ऑनलाइन दिसू द्या. कुरिअरचं पार्सल कुठवर आलं ते दिसतं, मग चार वर्षांच्या कामाचं का दिसू नये?

आणि आपल्या संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर, सत्कार समारंभांच्या फोटोंच्या वर, चार ओळी टाका. दूरस्थ आणि ऑनलाइन पीएच.डी.ला भारतात मान्यता नाही. नोकरी करून अर्धवेळ पीएच.डी. आमच्याकडे करता येते. एकूण शुल्क इतकं. चौकशीसाठी हा फोन, आणि तो उचलला जाईल. पुढच्या प्रवेशाच्या जाहिरातीबरोबर एवढं आलं, तर त्याची मोठी प्रत काढून एसटी स्टँडाशेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या काचेवर, पत्रकवाल्याच्या जाहिरातीच्या अगदी बाजूला, चिकटवायची जबाबदारी माझी. झेरॉक्सवाल्याशी बोलणं झालेलं आहे.

आपली,
एक महाविद्यालयीन ग्रंथपाल